रोजची गोळी, महिन्याचं खोटं

सरकारी रुग्णालयात एआरटी सेंटरबाहेरचा, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्राबाहेरचा, बाक लांबूनच ओळखता येतो. इतर ओपीडींसमोर लोक एकमेकांशी बोलत असतात. "तुम्हाला काय होतंय?", "कुठून आलात?", "आमच्या मेहुण्यालाही हेच झालेलं." या बाकावर कुणी कुणाला काही विचारत नाही. बायकांचा पदर नाकापर्यंत आलेला, पुरुषांच्या तोंडाला रुमाल. कोविडच्या काळात अख्ख्या देशाच्या तोंडावर मास्क आला, तेव्हा या बाकावरच्या माणसांना पहिल्यांदाच इतरांसारखं दिसायला मिळालं असेल, असं मला कधी कधी वाटतं.

एकदा एका ओळखीच्या माणसासोबत मी त्या बाकावर बसलो होतो. चार तास एसटीचा प्रवास करून तो आला होता. याच गोळ्या त्याच्या तालुक्याच्या गावातल्या लिंक सेंटरवर, म्हणजे या सेंटरला जोडलेल्या छोट्या केंद्रावर, मिळतात. मग इतक्या लांब कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तिथं गोळ्या देणारा आमच्या भावकीतला आहे."

एचआयव्हीचा उपचार सुरू केलेली माणसं तो मध्येच का सोडतात, याचं निम्मं उत्तर मला त्या एका वाक्यात मिळालं. उरलेलं निम्मं पुढे सांगतो. त्यासाठी आधी हा उपचार नेमका काय आहे ते समजून घ्यावं लागेल.

औषध काय करतं, काय करत नाही

आपल्या रक्तात सीडीफोर नावाच्या पेशी असतात. शरीराच्या फौजेतल्या त्या मुकादम म्हणा. स्वतः लढण्यापेक्षा बाकीच्या पेशींना कामाला लावणं हे त्यांचं काम. एचआयव्ही नेमका याच पेशींमध्ये शिरतो, तिथं आपल्या प्रती काढतो आणि पेशी संपवतो. मुकादमच गेले की फौज विस्कटते. मग एरवी कोपऱ्यात गप्प पडून राहिला असता असा क्षयाचा जंतूही जीव घेऊ शकतो.

उपचाराच्या गोळ्या हे प्रती काढणं थांबवतात. आज भारतातल्या बहुतेक प्रौढ रुग्णांना एकच गोळी दिली जाते: टेनोफोव्हिर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्राव्हिर 50. सेंटरवर तिला सगळे टीएलडी म्हणतात. दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर, कधीही घेतली तरी चालते. ती नियमित घेतली की बहुतेकांच्या रक्तातला विषाणू काही महिन्यांत इतका घटतो की तपासणीत सापडतच नाही. अशा माणसाकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ही सांत्वनासाठी केलेली बात नाही. युरोपात 'पार्टनर' नावाचा अभ्यास झाला. एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांचे कंडोमशिवायचे हजारो संबंध त्यात मोजले गेले. गोळ्या नीट घेणाऱ्या जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही.

मग गोळी आयुष्यभर का घ्यायची? कारण विषाणूचा काही भाग पेशींच्या आत झोपलेला असतो. आपली औषधं फक्त जाग्या, वाढणाऱ्या विषाणूवर चालतात, झोपलेल्याला ती काही करू शकत नाहीत. गोळी बंद झाली की तो उठतो आणि काही आठवड्यांत रक्तात पुन्हा दिसू लागतो.

गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही, असं बरेच दिवस चाललं तर आणखी एक भानगड होते. कापूस लावणाऱ्या शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. फवारा पातळ मारला की सगळ्या अळ्या मरत नाहीत. ज्या वाचतात त्या चिवट असतात, आणि पुढच्या हंगामात त्यांचीच पिल्लं त्या औषधाला दाद देत नाहीत. रक्तात औषध अर्धवट असलं की विषाणूचंही असंच होतं. जुन्या औषधांच्या काळात हे फार लवकर व्हायचं. डोल्युटेग्राव्हिर त्यामानाने दणकट आहे, दोन-चार दिवस गोळी चुकली म्हणून ते हार खात नाही. हे इथं मुद्दाम सांगतोय. "एक दिवस चुकलो, आता सगळं संपलं, सेंटरवर काय तोंड दाखवू" असं मनात धरून कायमचं दूर गेलेली माणसंही असतात. चुकली तर आठवल्यावर घ्यायची आणि पुढे चालू ठेवायचं, इतकंच.

थोडक्यात, औषधाची बाजू आज बरीचशी सुटलेली आहे. 2001 मध्ये सिप्लाने तीन औषधांचा संच वर्षाला 350 डॉलरला देऊ केला, तोवर हाच उपचार वर्षाला 10,000 डॉलरच्या घरात होता. भारत सरकारने 1 एप्रिल 2004 पासून तो फुकट द्यायला सुरुवात केली, पहिल्यांदा आठ रुग्णालयांत, आणि मुंबईचं जे.जे. त्यातलं एक. 2017 पासून सीडीफोरचा आकडा कितीही असो, एचआयव्ही निघाला की लगेच गोळ्या सुरू होतात. आधी आकडा ठरावीक पातळीखाली येईपर्यंत थांबावं लागायचं.

औषध फुकट आहे, चांगलं आहे, दिवसाला एकच गोळी आहे. तरी माणसं का गळतात?

गळती नेमकी कुठे आहे

भारतात सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगतात. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे, जवळपास 4 लाख. देशाचं प्रगतिपुस्तक तीन आकड्यांत मांडतात आणि अलीकडचे आकडे असे आहेत: 81, 88, 97. म्हणजे लागण झालेल्यांपैकी 81 टक्के लोकांना ती झाल्याचं माहीत आहे. माहीत असलेल्यांपैकी 88 टक्के उपचारावर आहेत. उपचारावर असलेल्यांपैकी 97 टक्क्यांचा विषाणू दबलेला आहे.

नुसतं वाचलं तर शेवटचे 97 बघून छाती फुगते. पण शंभर माणसं घेऊन गणित मांडा. 81 जणांना माहीत आहे. त्यातले साधारण 71 गोळ्या घेतात. त्या 71 मधले 69 उत्तम आहेत, फक्त दोघांचा विषाणू गोळ्या घेऊनही दबलेला नाही. बाहेर राहिलेल्यांत 19 जण असे की ज्यांना काही माहीतच नाही. आणि 10 असे की ज्यांना सगळं माहीत आहे, तरी ते गोळ्यांवर नाहीत. काहींनी त्या सुरूच केल्या नाहीत, काहींनी सुरू करून सोडल्या.

या दहांकडे बघायचं. देशाच्या हिशेबात ते सुमारे अडीच लाख होतात. जो गोळी घेतो त्याला ती लागू पडते, म्हणजे औषधाने आपलं काम केलेलं आहे. अडचण रस्त्यात आहे, घर ते सेंटर या रस्त्यात.

बारा खेपा, बारा थापा

गोळी रोज घ्यायची असली तरी सेंटरवर महिन्यातून एकदा जायचं असतं. निदान इतकी वर्षं बहुतेकांसाठी तसंच होतं. वर्षाला बारा खेपा, शिवाय तपासण्यांसाठी एखाद-दोन जादा. मधुमेहाच्या माणसाला हे जाचक वाटतं, पण तो मालकाला सांगू शकतो, "उद्या शुगर चेक करायला जायचंय, साहेब." एचआयव्हीवाल्याला प्रत्येक खेपेला नवीन कारण शोधावं लागतं. बँकेचं काम. बहिणीच्या मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत. दाढ दुखते. थापा संपतात हो! एकाच गावात, एकाच कारखान्यात, एकाच सासूसमोर वर्षाला बारा थापा, दहा वर्षांत एकशेवीस. त्यातली एक पकडली गेली की आयुष्य विस्कटतं.

एचआयव्हीच्या उपचाराबद्दल बोलताना 'कलंक' हा शब्द सर्रास वापरतात. शब्द बरोबर आहे, पण तो ऐकून सगळं कळल्यासारखं वाटतं आणि कळत काहीच नाही. मी त्याऐवजी गुपिताच्या खर्चाचा विचार करतो. हे गुपित सांभाळायला पैसा लागतो, वेळ लागतो, अक्कल लागते. आरोग्यव्यवस्था दुबळी असली की ती रुग्णाला हा खर्च पुन्हा पुन्हा करायला लावते. गोळ्यांचा साठा कमी आला म्हणून महिन्याच्या जागी पंधरा दिवसांच्याच दिल्या, की त्या महिन्यात दोन थापा. डॉक्टर रजेवर, "उद्या या" म्हटलं, की आणखी एक. तपासणीचं यंत्र बंद पडलं, की आणखी एक. कार्यालयातल्या नोंदीत ही फक्त गैरसोय असते. बाकावरच्या बाईसाठी तो उघडं पडण्याचा आणखी एक दिवस असतो.

2022 च्या जुलैमध्ये दिल्लीत नाको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयाबाहेर एचआयव्हीग्रस्त लोक आंदोलनाला बसले होते. औषधांचा तुटवडा होता, गोळ्या थोड्या थोड्या दिवसांच्याच मिळत होत्या. एरवी ज्यांची सगळी धडपड तोंड झाकण्यासाठी असते, ती माणसं भर रस्त्यावर येऊन बसली. त्यांना त्याची काय किंमत पडली असेल, हे बातम्यांत फारसं आलं नाही.

खाडा

आता एक बाई डोळ्यासमोर आणा. ती कुणी विशिष्ट बाई नाही, पण तिच्या आयुष्यातली एकही गोष्ट अनोखी नाही. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडची, तिशीतली, ऊसतोडीला जाणारी. दिवाळीच्या आगेमागे ती नवऱ्यासोबत ट्रकमध्ये बसते आणि सांगली, कोल्हापूर किंवा बेळगावकडच्या फडात उतरते. मुकादमाकडून उचल घेतलेली आहे. उचल सहसा एकट्याला नाही, जोडप्याला मिळते. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एक जण कामावर आला नाही तर कोयता मोडला. त्याला खाडा म्हणतात. खाडा पडला की दिवसाची मजुरी जाते आणि वर दंडही चढतो.

तिच्या गोळ्या बीडला आहेत. फड तीनशे किलोमीटरवर. तिला तिथल्या जवळच्या सेंटरवर नाव बदलून घेता येतं. नियम तसं सांगतो, व्यवस्थेत सोयही आहे. पण त्यासाठी आधी बीडला कागद करायचे, नव्या गावात रुग्णालय शोधायचं, नव्या माणसांसमोर पुन्हा सगळी कहाणी सांगायची. आणि फड तरी एका जागी राहतो का? तोड संपली की टोळी पुढच्या गावाला.

टोळीत तिच्याच गावची, तिच्याच नात्यातली माणसं असतात. दिवसभर काम सोबत, पाणी सोबत, पहाटे चारला उठणंही सोबत. ती कोपीत राहते. उसाचं पाचट, बांबू आणि वर प्लास्टिक. कोपीला ना कपाट असतं, ना कडी.

एका बाटलीत तीस गोळ्या असतात आणि ओल लागू नये म्हणून आत एक छोटी पुडी. बाटली हलली की खुळखुळते. या खुळखुळण्याला ती माणसं किती घाबरतात हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. कुणी गोळ्या काढून कागदाच्या पुडीत बांधतं, कुणी बीपीच्या गोळ्यांच्या डबीत टाकतं, कुणी बाटलीवरचा कागद नखाने खरवडून काढतं. मूळ बाटलीबाहेर गोळ्या दमटतात, खराब होऊ शकतात. समुपदेशक सांगतो, "डबीतून काढू नका." तो बरोबर सांगतो. बाई काढते, तिच्या जागी तीही बरोबर असते.

तर हंगामाचे ते चार-पाच महिने काय होतं? ती निघताना दोन महिन्यांच्या गोळ्या मागते. मिळाल्या तर नेते. पुढचे दोन-तीन महिने गोळ्यांविना जातात. ती परत येते तेव्हा नोंदवहीत तिच्या नावापुढे खूण झालेली असते. इंग्रजीत त्याला जे म्हणतात त्याचं सरळ मराठी 'हरवलेली' असं होईल. ती हरवलेली नव्हती. कुठल्या कारखान्याच्या कुठल्या फडात आहे, हे मुकादमाला रोजच्या रोज माहीत होतं.

घरातल्या घरात

आपल्याकडे गरोदरपणात एचआयव्हीची तपासणी होते. ती व्हायलाच हवी, त्यामुळे बाळाला होणारी लागण टाळता येते. पण तिचा एक सामाजिक परिणाम असा की घरात सगळ्यात आधी सुनेचा अहवाल हातात येतो. नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते. मग "हिनेच आणला" हे वाक्य तयार असतं, मग लागण कुठून कुठे गेली याचा काही संबंध नसला तरी. नवरा पुढे वारला तर बाई पांढऱ्या पायाची ठरते, माहेरी धाडली जाते, जमिनीत तिचं नाव लावायचं राहून जातं. अशा बाईसाठी गोळीची बाटली हा घरात ठेवलेला पुरावा असतो.

तरीही बायका पुरुषांपेक्षा जास्त टिकतात. जगभर बहुतेक ठिकाणी असंच दिसतं. पुरुष उशिरा येतात, आजार वाढल्यावर येतात आणि लवकर गळतात. यात कामासाठीचं स्थलांतर आहे आणि "मला काय धाड भरलीय" हा पुरुषी ताठा आहे. दारू तर आहेच, पण ती आपण समजतो तशी नाही. सेंटरवर बजावलेलं असतं की दारू पिऊ नका. माणूस त्याचा अर्थ असा लावतो की दारू आणि गोळी एका पोटात गेली की विष होईल. म्हणून प्यायला त्या रात्री तो गोळी टाळतो. आठवड्यातून चार रात्री पीत असेल तर चार गोळ्या गेल्या. त्याला सांगायला हवं ते हे: दारू सोडलीस तर चांगलंच, पण प्यायलास म्हणून गोळी सोडू नकोस. हे वाक्य तोंडावर म्हणायला पुष्कळ समुपदेशक कचरतात, जणू पिण्याला परवानगीच देतोय असं त्यांना वाटतं.

असाच एक गैरसमज खाण्याचा. "या गोळ्या कडक असतात, दूध-अंडी खायला लागतात." घरात खायला नाही त्या दिवशी गोळीही नाही. टीएलडी उपाशीपोटीही चालते. पण जुन्या औषधांच्या काळात ऐकलेल्या गोष्टी तोंडोतोंडी टिकून आहेत.

जुन्या औषधांनी आणखी एक जखम केलेली आहे. स्टॅव्ह्युडिन नावाचं स्वस्त औषध पहिल्या काळात सर्रास दिलं जायचं. त्याने जीव वाचायचा, पण चेहऱ्यावरची चरबी झडायची. गाल आत जायचे, हातापायांच्या शिरा दिसायच्या. गावाने ते रूप ओळखायला शिकून घेतलं. "याचे गाल बघ" म्हणायला लागले. म्हणजे जे औषध जगवत होतं तेच गुपित चेहऱ्यावर लिहीत होतं. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं आणि आता ते गेलं. पण "त्या गोळ्यांनी माणूस वाळतो" ही आठवण काही ते सोबत घेऊन गेलं नाही.

मुलांचं आणखी वेगळं. आईकडून लागण घेऊन जन्मलेली अनेक मुलं आजीने वाढवली. "कसल्या गोळ्या गं आजी?" "ताकदीच्या." हे उत्तर सात वर्षांच्या पोराला पुरतं. तेरा वर्षांच्याला पुरत नाही. तो विचार करतो, मी कबड्डीत सगळ्यांना लोळवतो, मला कसली ताकद हवी? आणि गोळ्या गादीखाली जमा होतात. शाळकरी वयात टप्प्याटप्प्याने मुलाला खरं सांगावं, असा जागतिक सल्ला आहे. पण आजीने ते कुठल्या शब्दांत सांगायचं? तिच्या स्वतःच्या मुलाचा आणि सुनेचा मृत्यू त्या वाक्यात येणार असतो.

सवलतीचा फास

सरकार काहीच करत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यासाठी, 2021 ते 2026 या काळाकरिता, केंद्राने 15,471.94 कोटी रुपये मंजूर केले. राज्यात संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीग्रस्तांना महिन्याला 1,500 रुपये मिळू शकतात. एसटीच्या प्रवासात सवलत आहे.

पण या सवलती घ्यायच्या कशा ते बघा. निराधारचा अर्ज तलाठ्याकडून तहसिलात जातो आणि वाटेत किती जणांच्या टेबलावर थांबतो. अर्जासोबत आजाराचा दाखला लावायचा. लाभार्थ्यांची यादी गावात येते. एसटीत कंडक्टरला कार्ड दाखवायचं, आणि कंडक्टर शेजारच्या गावचा असतो. तो मोठ्या आवाजात विचारतो, "हे कसलं कार्ड?" मागच्या सीटवरच्या चार माना वळतात. पुढच्या वेळी ती बाई कार्ड न दाखवता तिकीट काढते. आपण ज्याला सवलत म्हणतो ती तिच्या हिशेबात गुपिताच्या बदल्यात मिळणारे दोनशे रुपये असतात, आणि सौदा तिला परवडत नाही.

कायदाही आहे. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यात भेदभावाला बंदी आहे. संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. अशा तक्रारी ऐकायला राज्यात लोकपाल नेमायचा आहे. कोर्टात नाव लपवून दाद मागता येते, ही त्यातली मला सगळ्यात शहाणी वाटणारी तरतूद. पण तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात वकिलाच्या टेबलापाशी उभं राहिलं की नाव कागदावरून खोडता येतं, चेहरा कसा खोडणार?

ओरडा

दर खेपेला फार्मसिस्ट उरलेल्या गोळ्या मोजतो. हिशेब सोपा आहे: तीस नेल्या, अठ्ठावीस दिवस झाले, दोन उरायला हव्यात. आठ उरल्या तर सहा चुकल्या. मोजण्यामागचा हेतू चांगला आहे. पण मोजल्यावर पुढे काय होतं ते महत्त्वाचं. "सरकार तुमच्यावर इतका खर्च करतं", "मरायचंय का?", "पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या." हे सगळं अर्ध्या उघड्या दारातून बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जातं.

माणूस दुसऱ्या खेपेपर्यंत शिकतो. जादाच्या सहा गोळ्या तो येताना एसटी स्टँडच्या गटारात टाकतो आणि दोन घेऊन येतो. हिशेब जुळतो. सगळे खूश. त्याच्या रक्तात काय चाललंय ते व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजणाऱ्या, तपासणीपर्यंत कुणाला कळत नाही. आणि ज्याला अशी हुशारी जमत नाही तो ओरडा खाण्यापेक्षा येतच नाही.

ओरडणाऱ्या माणसालाही जरा समजून घेऊ. एआरटी सेंटरवरचे समुपदेशक, लॅब टेक्निशियन वर्षानुवर्षं कंत्राटी आहेत. बाहेर बाकावर पुढचे साठ जण बसलेले असतात. एका माणसाला मिळणाऱ्या पाच-सात मिनिटांत वजन, क्षयाचे चार प्रश्न, गोळ्यांची मोजणी, नोंदवही आणि कॉम्प्युटर. "घरी काय चाललंय?" हा प्रश्न विचारायचा राहून जातो. तो प्रश्न विचारला आणि बाई रडायला लागली तर रांग थांबते, हे समुपदेशकाला माहीत असतं. म्हणून तो विचारत नाही. व्यवस्था दुबळी आहे असं आपण म्हणतो तेव्हा पलंग आणि यंत्रं मोजतो. न विचारलेले प्रश्न कुठल्या अहवालात मोजायचे?

खेपा कमी करायच्या

यावर जगात निरनिराळे प्रयोग झालेत. मोझांबिकच्या टेटे प्रांतात 2008 च्या सुमारास रुग्णांनीच सहा-सहा जणांचे गट केले. दर महिन्याला एक जण दवाखान्यात जायचा आणि सगळ्यांच्या गोळ्या आणायचा. प्रत्येकाची पाळी सहा महिन्यांतून एकदा. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या खायेलित्शात गोळ्यांवर स्थिर झालेल्यांचे तीसेक जणांचे क्लब निघाले. थोडा वेळ भेटायचं, वजन करायचं, गोळ्यांचं पाकीट घ्यायचं आणि घरी जायचं.

हे आपल्याकडे उचलून आणता येईल का? मला शंका आहे. सहा जणांच्या गटात सहा जणांना एकमेकांचं कळतं, आणि आपल्या गावात सहा अनोळखी माणसं मिळतच नाहीत. भावकी आडवी येते. पण जिथं गुपित आधीच वाटून घेतलेलं असतं तिथं असं जमतं. सांगलीत 'संग्राम' संस्था 1992 पासून काम करते. तिच्यातून 1996 मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. वेश्यावस्तीतल्या बायकांनी एचआयव्हीबद्दलचं काम स्वतःच्या हातात घेतलं आणि एकमेकींना आधार दिला. गावाने ज्यांना आधीच बदनाम ठरवलं होतं त्यांना लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्या एकमेकींसमोर मोकळ्या होऊ शकल्या, असं मला वाटतं. घरंदाज म्हणवणाऱ्या बाईला ही सोय नाही.

तिच्यासाठी सगळ्यात साधा उपाय म्हणजे एका खेपेला जास्त महिन्यांच्या गोळ्या. कोविडच्या टाळेबंदीत लोक येऊ शकत नव्हते, म्हणून असं करण्यावर भर आला, आणि मग लक्षात आलं की आभाळ कोसळत नाही. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या तर वर्षाच्या बारा खेपांच्या चार होतात. कागदावर याला साठ्याचं नियोजन म्हणतात. बाईच्या बाजूने बघितलं तर आठ थापा वाचल्या, आठ खाडे वाचले, आठ वेळा त्या बाकावर बसायचं वाचलं. मात्र यासाठी मुळात गोदामात तीन महिन्यांच्या गोळ्या असायला लागतात. साठा आटला की सगळ्यात आधी हीच सोय जाते.

ऊसतोडीला निघताना पाटोद्याच्या त्या बाईला समजा तीन बाटल्या मिळाल्या. एक तिने कपड्यांच्या बोचक्यात ठेवली, एक ज्वारीच्या पिठाच्या डब्यात तळाशी. तिन्हींत तिने आधीच कापूस कोंबलाय, वाजू नयेत म्हणून. तिसरी अजून तिच्या हातात आहे, ट्रक बाहेर हॉर्न देतोय, आणि जाऊबाई भांडी बांधायला आत येते आहे.